बिनगाठीचा टाका

घरातल्या माणसाचा कोट खिळ्यावरून उतरवायचा, कुणाला न विचारता उचलून न्यायचा आणि परक्या लोकांपुढं उभा करायचा, याला कात्रीबाईंच्या मते एकच शब्द होता आणि तो चारचौघांत बोलण्यासारखा नव्हता. तरी सकाळपासून मुलापुढं त्यांनी तो दोन-तीनदा बोलून घेतला होता. मुलगा मान खाली घालून कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होता.

"बायको तुझी आहे. तू काही बोलणार नाहीस?"

"तूच बोल ना तिच्याशी, आई."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

त्याने मशीन सुरू केलं. बापाकडून एवढी एक विद्या त्याने मन लावून घेतली होती. अडचणीचा प्रश्न आला की पाय पेडलवर.

कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीने पाठीमागं ठेवलेलं. त्यांच्या कानावर ते केव्हाच आलं होतं आणि त्यांचा त्यावर राग नव्हता. बोथट म्हणण्यापेक्षा कात्री म्हटलेलं काय वाईट? शाळेत त्या गेल्या ते अक्षरओळख होईपर्यंतच. मग धाकटी भावंडं कडेवर आली आणि पाटी गेली. पण जिभेला शाळा लागत नाही. शिवणीत उगाच खोट काढणारं गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की मास्तर हळूच आत चहा प्यायला जात. बाहेर आले की गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असे.

मास्तर म्हणजे त्यांचा नवरा. कोट-सूट शिवणारा टेलर. दुकान पुढं, घर मागं. माप, कापणं आणि मशीन मास्तरांचं. काजं, बटणं आणि तुरपाई बाईंची. कपडा गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी त्यातले तात्पुरते घातलेले कच्चे टाके ओढून काढायचे, हेही बाईंचंच काम. पांढऱ्या दोऱ्याचं एक टोकसुद्धा उंबऱ्याबाहेर दिसता कामा नये, हा त्या घरचा कायदा. तो अंगात इतका मुरला होता, की एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या कॉलरमागून आलेला दोरा बाईंनी सरळ ओढून काढला. तो दचकून वळला. त्याच्या तळहातावर दोरा ठेवत बाई म्हणाल्या, "कुणाकडं शिवता? राहू दे, सांगू नका, कळलं."

मास्तर गेले त्याला आता दुसरा हिवाळा लागत आला होता. माणसं भेटायला आली, रडली, गेली. बाई रडल्या नाहीत. आज नाही तर उद्या बांध फुटेल म्हणून त्यांची बहीण येऊन राहिली होती, तीही वाट बघून बघून कंटाळली आणि आपल्या घरी गेली. बाई उठत, स्वयंपाक करत, जेवत. भाजीत मीठ नसलं तरी त्यांना कळत नसे आणि दुप्पट पडलं तरी कळत नसे. बाकीच्यांच्या तोंडाकडं बघून त्या अंदाज घेत. झोपेत हात अंगाखाली आला, की उठल्यावर तो आपला वाटत नाही. दुसऱ्या कुणाचा असावा तसा उचलून बाजूला ठेवावा लागतो. तसं सगळंच झालं होतं. फरक एवढाच, की हाताला थोड्या वेळाने मुंग्या येतात. इथं मुंग्याही येत नव्हत्या.

सुईला त्यांनी हात लावला नव्हता. कुणी लाव म्हटलंही नाही. मुलाकडं आता कोट कुठं येत होते? तयार कपड्यांच्या जमान्यात चेन बदला, पँट आखूड करा. एखाद-दुसरं काज लागलं तर तो बाहेरून करून आणी.

आणि मागच्या खोलीत, दाराआडच्या खिळ्यावर तो कोट होता. जन्मभर लोकांचे खांदे झाकणाऱ्या मास्तरांनी स्वतःसाठी म्हणून कधी चांगला कोट शिवला नाही. दिव्याखाली अंधार. शेवटी एकदा गडद करड्या लोकरीचं कापड घेऊन बसले, म्हणाले, "आता आपल्यालाही एक होऊ दे." अंग शिवून झालं, कॉलर बसली, बाह्या कच्च्या टाक्यावर अडकवल्या, आणि माणसाने अंथरूण धरलं. मग कोट खिळ्यावरच राहिला. बाईंनी त्याला हात लावला नाही आणि कुणाला लावू दिला नाही.

कोट खिळ्यावरून गेल्याचं त्यांना कळलं तेही बाहेरून. समोरची बेकरीवाली पाव बांधता बांधता म्हणाली, "मास्तरांचा कोट बघून आले हो म्युझियममध्ये. काय थाटात उभा केलाय सुनेने."

"हो, माहितीये," बाई म्हणाल्या. घरी आल्या, दार पुढं ओढलं. खिळा रिकामा. प्रदर्शन लागून महिना होत आला होता म्हणे. त्याच खिळ्याखाली झाडू असे आणि महिनाभर रोज सकाळी त्या तिथून झाडू उचलत होत्या.

रिकामा खिळा बघून संताप यायला हवा होता. तो आला नाही. पण संतापायचं कसं हे बाईंना पाठ होतं, तेवढ्या भांडवलावर त्या निघाल्या. जाडी कापडी पिशवी घडी करून काखेत मारली. कोट मावेल एवढी ती होती.

म्युझियम नदीच्या पुलापलीकडं, जुन्या धान्याच्या गोदामात होतं. सून तिथं लग्नाआधीपासून कामाला होती. तिथली रीत अशी, की थोड्या थोड्या महिन्यांनी भिंतींवरचं सगळं उतरवायचं, खिळ्यांची भोकं बुजवायची, नवा रंग द्यायचा आणि दुसरंच काहीतरी मांडायचं. कात्रीबाईंना या नोकरीचा अर्थ कधी लागला नव्हता. "टांगायचं, उतरवायचं, परत टांगायचं," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडं त्याला कपडे वाळत घालणं म्हणतात. पगार कुणी देत नाही." सून ऐकायची आणि हसायची. ती उलट बोलत नसे, ही बाईंची तिच्याबद्दलची मुख्य तक्रार. टाळी एका हाताने किती वाजवायची माणसाने?

तिकीट देणारी बाई म्हणाली, "आजी, पिशवी इथं ठेवावी लागेल."

"रिकामी आहे."

"रिकामी असली तरी."

"अगं, रिकामी पिशवी घेऊन आत जाणाऱ्याला काय अडवतेस? भरलेली घेऊन बाहेर येईल त्याला अडव."

तिकिटवाली हसली आणि तिने सोडलं. खरं बोललं की लोकांना ती थट्टा वाटते, हा बाईंचा जुना अनुभव.

पहिलं दालन मोकळंच होतं. तिथली चित्रं नुकतीच उतरवली असावीत. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते आणि शिडीवरचा रंगारी पुट्टीने भोकं बुजवत होता. रंगाचा वास होता की नाही, बाईंनी लक्ष दिलं नाही. पुढच्या दालनाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती. एकेक अक्षर जुळवत त्यांनी ती वाचली. राहून गेलेलं.

आत दिवे मंद होते आणि प्रत्येक वस्तूवर तिच्यापुरता उजेड. तळ नसलेला एक बूट. अर्ध्यावर सोडलेली टोपली, तिच्या काड्या वर बोटांसारख्या पसरलेल्या. तीन पायांची खुर्ची, चौथा पाय शेजारी जमिनीवर, न तासलेला. एका चित्रात बाई बसलेली होती. हात झाले होते, झालर झाली होती, तोंड व्हायचं होतं. सगळी याच भागातल्या माणसांची कामं. कुणी मेलं होतं, कुणी गाव सोडलं होतं, एकाने म्हणे नुसताच कंटाळा केला होता. तो बूटवाला असणार, बाईंना वाटलं.

आणि टोकाला मास्तर उभे होते.

म्हणजे बिनडोक्याचं लाकडी धड होतं आणि त्यावर कोट होता. पण उजवा खांदा उतरलेला होता. उभा जन्म मशीनवर आणि वजनदार इस्त्रीवर वाकून मास्तरांचा तो खांदा खाली आला होता. दुसऱ्याचा वाकडा खांदा ते कापूस भरून असा सरळ करत की त्या माणसाच्या आईलाही ओळखू येऊ नये. स्वतःच्या कोटाला मात्र भरलं नव्हतं. "माझा आहे तसा राहू दे," म्हणाले होते. असा कोट सरळ धडावर चढवला असता तर मानेपाशी चुण्या पडल्या असत्या. इथं एकही चुणी नव्हती. बाई चष्मा सावरून समोरच्या आडव्या दोरीपर्यंत पुढं झाल्या. कॉलरच्या आत, मानेजवळ, लाकूड उजवीकडून रंधा मारून उतरतं केलेलं होतं. ताजं, पांढरट. कुणीतरी सुताराला इतकं आणि इतकंच, असं दाखवून ते करून घेतलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. काहीतरी होईल म्हणून थांबल्या. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघावी तशा. शेजारी एक वयस्कर जोडपं येऊन उभं राहिलं, कुजबुजलं. आत काही हललं नाही. करडं कापड, पांढरे टाके. बास.

तेवढ्यात त्यांना ते दिसलं. डाव्या बाहीच्या मुंढ्यापाशी, जिथं बाही खांद्याला मिळते तिथं, पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं.

पुढं जे झालं ते बाईंनी केलं असं म्हणता येणार नाही. ते हाताने केलं. दोरीपलीकडं गेला, टोक चिमटीत धरलं आणि एक झटका दिला.

कुणा दुसऱ्या टेलरचा टाका असता तर एवढ्याने काही बिघडलं नसतं. दोरा अडला असता. पण मास्तर कच्च्या टाक्याला कधी गाठ मारत नसत. बाईंना कात्री शोधावी लागू नये, एका ओढीत सगळा दोरा हातात यावा, म्हणून. तसा तो आला. सळकन, अख्खा, टाक्याटाक्याला नागमोडी झालेला. आणि बाही खाली पडली. मांजराने उडी मारावी एवढाच आवाज झाला.

जोडप्यातल्या आजोबांनी रखवालदाराला हळूच विचारलं, "हे दर किती वेळाने होतं?"

रखवालदार धावत आला. "अहो आजी, हे काय केलंत?"

"दोरा राहिला होता."

"तो राहिलेलाच दाखवायचा होता हो."

यावर कात्रीबाईंना उत्तर सुचलं नाही. गल्लीतलं कुणी हजर असतं तर त्याने तारीख लिहून ठेवली असती. त्या दोरा हातात घेऊन उभ्या होत्या. लाज वाटायला हवी हे त्यांना कळत होतं. ज्या हाताने चोर धरायला आलो तोच हात दाखवून अवलक्षण केलं, हेही कळत होतं. कळण्याच्या पुढं काही जात नव्हतं.

सून मोकळ्या दालनातून आली, बोटांना पुट्टी लागलेली. मागोमाग म्युझियमचे साहेब, उंच, पोक काढून चालणारे. सुनेने एकदा बाहीकडं बघितलं, एकदा सासूच्या हाताकडं, एकदा काखेतल्या पिशवीकडं.

"सर, माझी चूक," ती म्हणाली. "सकाळी दिवा सरळ करताना मीच टाका सैल केला असणार. आईंचा नुसता धक्का लागला."

"खोटं बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "धड बोलताही येत नाही तुला. मी ओढला. धक्का कसला? धक्क्याने बाही पडायला ती काय पिकलेलं फळ आहे?" मग साहेबांकडं वळून, "आणि तुम्ही असे तोंड करून उभे राहू नका. मेलं कोण, तुमचं की माझं?"

सून साहेबांना बाजूला घेऊन बोलली. बाईंना एवढंच ऐकू आलं, की "होतं तसंच लावतील. त्यांच्याशिवाय कुणाला येणार नाही, सर." साहेब मान हलवत गेले. सुनेने धडावरून कोट उतरवला, बाही उचलली, फुंकर मारली आणि दोन्ही घेऊन दालनातल्या बाकावर आली. खिशातून सुई काढून पुढं धरली.

बाई सुईकडं बघत राहिल्या.

"दुसरा दोरा आणू का?"

"कशाला? हा काय तुटलाय?"

दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून त्यांनी सुईच्या नाकाशी नेलं आणि ते पहिल्याच खेपेला पार झालं. घरात सगळं बंद पडलंय हे हातांना कुणी कळवलं नव्हतं. बाही मुंढ्यात बसवली. अंदाज लागत नव्हता, पण मग उजेडात कापड तिरकं धरलं तेव्हा मास्तरांची भोकं दिसली. लोकरीत दोरा बरेच दिवस राहिला की जागा धरतो. बाईंनी पहिल्या भोकात सुई घातली, दुसऱ्यातून काढली.

सून शेजारी बसली होती.

"विचारायला तोंड नव्हतं का?" बाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "सांगितलं असतंस तर काय मी तुला खाल्लं असतं?"

"विचारलं होतं, आई."

"कुणाला? भिंतीला?"

"तुम्हाला. तुम्ही भांडी घासत होता. मी म्हटलं, मास्तरांचा कोट प्रदर्शनात ठेवायला नेऊ का? तुम्ही हं म्हणालात."

सुई चालत राहिली.

"मला वाटलं ऐकू गेलं नसेल," सून म्हणाली. "म्हणून नेताना परत विचारलं. कोट हातात घेऊन तुमच्या समोर उभी राहिले. तुम्ही कोटाकडं बघितलंत, हं म्हणालात आणि ओटा पुसायला लागलात." तिने बोटावरची पुट्टी खरवडली. "मी भांडणाची तयारी करून आले होते. काय काय बोलायचं ते ठरवलंसुद्धा होतं. तुम्ही हं म्हणालात तेव्हा मला भीती वाटली."

"मग ठेवायचास परत."

"म्हटलं, खिळा रिकामा दिसला की तरी बोलतील. रोज घरी येताना वाटायचं, आज आई दारातच उभ्या असतील."

बाईंनी आठवून बघितलं. ओटा आठवला, पुसायचं फडकं आठवलं, कडेला जळलेलं. समोर उभी राहिलेली सून आठवली नाही. हातातला कोट आठवला नाही. त्या जागी भिंतीवरचा तो फिकट चौकोन होता तसं काहीतरी होतं.

त्यांनी हं सुद्धा म्हटलं नाही. पुढचा टाका घातला.

टाके एका मापाने चालले होते, पुढून वर, खांद्यावरून, मागच्या बाजूला. मास्तरांचा हात असाच. मोजपट्टी लावा, केसाचा फरक निघायचा नाही. मागच्या वळणावर मात्र सुईला भोक सापडेना. बाईंनी कापड डोळ्यांजवळ नेलं. इथं भोकं बिघडली होती. एक टाका लांब, पुढचा आखूड, मग एक जागा दोनदा टोचलेली, मग ओळ सोडून खाली घसरलेला एक. चार बोटांएवढी जागा. त्यानंतर परत सरळ.

ही बाही अडकवत होते त्या दुपारी मास्तर म्हणाले होते, जरा पडतो. बाईंनी चहा केला होता. मग त्या म्हणाल्या होत्या, काम संपवून पडा, नाहीतर सुई हरवून बसाल. आणि मास्तर परत बसले असणार. ओळ शेवटपर्यंत नेली होती खरी.

बाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं. एकदा, मग उलट. सून बघत होती; रडू येईल अशी वाट बघत होती, हे बाईंना न बघता कळलं. रडू आलं नाही. टाके सरळ घालता आले असते. त्यांनी ते तसेच घातले. लांब तिथं लांब, आखूड तिथं आखूड, दोनदा तिथं दोनदा, खाली घसरला तिथं खाली. त्याला सरळ टाक्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

दोरा संपला. सवयीने त्यांनी शेवटी गाठ मारली नाही.

जोडप्यातले आजोबा अजून घुटमळत होते. त्यांनी चष्म्यातून वाकून बघितलं आणि बायकोला म्हणाले, "जोडतातसुद्धा हे लोक." बायकोने त्यांना दंडाला धरून नेलं.

बाई उठल्या. कोट हातात होता, पिशवी काखेत होती. सून बाजूला झाली. तिने हात पुढं केला नाही. रखवालदार दुसऱ्या टोकाला तीन पायांच्या खुर्चीकडं बघत उभा होता, मुद्दामच. बाहेर तिकिटवाली अडवेल न अडवेल. पुलावरून घरी, दाराआड, खिळ्यावर, झाडूच्या वर.

बाईंनी पिशवी काखेतून काढली आणि सुनेच्या हातात दिली, "धर." मग दोरी ओलांडून त्या आत गेल्या. लाकडी धडाचा उतरलेला खांदा त्यांनी एकदा तळव्याने चाचपला. रंधा खरखरीत मारला होता, पण माप चुकलं नव्हतं. त्यांनी कोट चढवला. आधी डावा खांदा, मग उजवा. मास्तरांना चढवायच्या तसाच. पुढची किनार ओढून सरळ केली. बाह्या खाली लोंबल्या. डावीवर पांढऱ्या टाक्यांची ओळ होती, जी आता ओढायची नव्हती.

बोटांच्या टोकांना किंचित मुंग्या आल्यासारखं झालं. बाईंनी हात झटकला. इतका वेळ सुई धरून आल्या असतील.

त्या वळल्या. सून पिशवीची घडी घालत होती.

"इकडं बघ," कात्रीबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण रखवालदाराने मान वळवली. "तू दोनदा विचारलंस ते मान्य. पण समोरचं माणूस कुठं आहे ते न बघता विचारलंस, म्हणजे अर्धंच विचारलंस. तुलाच इथं दिव्याखाली उभी करायला हवी, त्या बुटाशेजारी. खांदा बरोबर उतरवलास, तेवढ्यावर सोडते. कोट राहू दे. हे सगळं उतरवाल तेव्हा माझ्या हातात आणून द्यायचा, मुलाच्या नाही. काजं माझी व्हायचीत अजून. आणि त्या दिवशी मी परत नुसतं हं म्हटलं ना, तर दंड धरून हलव मला. ऐकून घेतेस आणि हसतेस, इतकी गरीब गाय होऊन माझ्या घरात चालायचं नाही."

"बरं, आई," सून म्हणाली.

"बरं काय बरं? भांड."